मारांडीच्या पानातला पाहुणा

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता तेजल वाघचौरेने इन्क्युबेटरमधून काचेची ताटली काढली, उजेडाकडे धरली आणि मटकन स्टुलावर बसली. ताटलीत कडं नव्हतं.

कडं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. झाडाच्या पानांत, अगदी आतल्या पेशींच्या फटींत, काही जीवाणू वस्ती करून असतात. ते झाडाचं काही बिघडवत नाहीत. उलट बाहेरून रोग आला तर त्याला हुसकून लावतात. घरात राहून घर राखणारा पाहुणाच म्हणा. बोरिवलीतल्या एका खाजगी संशोधन केंद्राने गोराईच्या खाडीकाठी वाढणाऱ्या मारांडी नावाच्या काटेरी झुडपातून असा एक पाहुणा वेगळा काढला होता. त्याचं नाव ठेवलं जी-नऊ. इस्पितळातला एक महाहट्टी जंतू ताटलीभर पसरायचा, मधे जी-नऊचा ठिपका ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पट्टा दिसायचा. त्या पट्ट्यात जंतू औषधालासुद्धा शिल्लक नसे. तेच कडं.

गेली दोन वर्षं ते न चुकता दिसत होतं. येत्या सोमवारी एका मोठ्या औषध कंपनीची माणसं ते पाहायला येणार होती. आणि मंगळवारी ते गेलं.

तेजलने मुख्य फ्रीझरमधली दुसरी नळी काढली. तीही तशीच निघाली. गच्चीखालच्या दुसऱ्या फ्रीझरमधल्या नळ्यांचीही तीच तऱ्हा. त्याच दिवशी मुलुंडच्या शीतगृहात लाखेचं सील लावून ठेवलेला राखीव संच मागवला गेला, आणि त्याचा निकाल लागण्याआधीच केंद्राचे संचालक डॉ. अनिरुद्ध राजाध्यक्ष यांनी निकाल दिला. चोर म्हणजे तेजल. तिने खरा जी-नऊ पळवला आणि नळ्यांत भलताच जीवाणू भरला. सोमवारी पाहुण्यांसमोर तसं जाहीर करायचं, पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिची पीएच.डी. रद्द करायला विद्यापीठाला लिहायचं, असा त्यांचा बेत होता.

तेजलची दोन वर्षं त्या पीएच.डी.त गेली होती, आणि तिच्याकडे सहा दिवस होते.

२

मी विनिता मेश्राम, वय बासष्ट, राहणार पंतनगर, घाटकोपर. एका सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं जंतू पाळले आणि मारले. तिथे अहवालांची अदलाबदल करणारी एक टोळी मी पकडून दिली होती. ते लक्षात ठेवून केंद्राच्या विश्वस्त जयाबेन यांनी मला फोन केला. "पोलिसाआधी तुम्ही बघा ना विनिताबेन. पोरगी रडत नाय, तेच मला बरोबर नाय लागत."

बुधवारी दोन मेट्रो बदलून मी बोरिवलीला पोचले. डॉ. राजाध्यक्षांच्या खोलीत त्यांचे सतरा फोटो होते. मोजले मी.

"मेश्राम मॅडम, चोर मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त तिच्या तोंडून वदवून घ्या."

"कारण?"

"शोधनिबंधात तिचं नाव तिसरं टाकलं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, मी यांची वाट लावेन."

"मुलुंडच्या संचाला सील कोणी लावलं?"

"मी. स्वतःच्या हाताने."

"लावण्याआधी तपासलं होतंत?"

"अर्थात. कडं उत्तम होतं. त्याच दिवशी सील केलं."

"आणि काल उघडताना सील?"

"शाबूत होतं." एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. मग घाईने म्हणाले, "तिने काहीतरी केलंच असेल. हुशार आहे ती."

हुशार आहे म्हणून चोर! मी तिशीत असताना माझ्या साहेबांनी माझं काम स्वतःच्या नावावर छापलं आणि मी तक्रार केली तेव्हा हेच वाक्य वापरलं होतं. मी त्या वेळी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून माझ्या घशात आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, या प्रकरणात मी निःपक्षपाती वगैरे नव्हते. ह्या माणसाचं नाक कापलं जावं असं मला पहिल्या पाच मिनिटांत वाटलं होतं.

तेवढ्यात तेजलने दार ढकललं. "सर, मुलुंडच्या संचाचा निकाल आला." तिने ताटली पुढे केली. "त्यातही कडं नाहीये."

३

गुरुवारी मी तेजलला घेऊन तिच्या टेबलाशी बसले. ही सोलापूरकडची मुलगी, बापाचं कापडाचं दुकान, केस घट्ट बांधलेले. रडत नव्हती हे खरं. रडायला तिला फुरसतच नव्हती, ती मंगळवारपासून एकामागून एक ताटल्या लावत होती.

"वाट लावेन म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते. मॅडम, मुंबईत रोज कोणी ना कोणी कोणाची ना कोणाची वाट लावतच असतं. बोलायचं म्हणून बोलले."

"नळ्यांमधला जीवाणू बदललेला आहे का?"

"नाही. तेच तर! मी त्याची जनुकं तपासली, तो जी-नऊच आहे. जिवंत आहे, वाढतोय झकास. फक्त काम करत नाहीये. सर म्हणतात, अहवालही मीच खोटा केला."

"मग तो हट्टी जंतू बदलला असेल."

"तोही नाही. हे बघा." तिने ताटलीच्या कडेचा कागदी तुकडा दाखवला. ह्या जंतूवर एकच जालीम औषध अजून चालतं, त्यात भिजवलेला तो तुकडा होता. त्याच्याभोवती नेहमीएवढाच स्वच्छ पट्टा होता.

म्हणजे मारेकरी तोच आणि ज्याला मारायचं तोही तोच. मी फ्रीज उघडला. जंतूंच्या जेवणाला प्रयोगशाळेत मीडिया म्हणतात. त्याच्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या, आतलं पाणी फिकट, पेंढ्याच्या रंगाचं. अगदी मागे, बर्फाला चिकटून एक अर्धी बाटली होती. तिच्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं.

"ही कुठली?"

"गेल्या महिन्यातली, राहून गेली असेल. आधी सगळ्याच अशा असायच्या. डब्यातल्या पावडरीचा बॅच बदलला की रंग बदलतो ना."

"मीडिया कोण बनवतं?"

"बाई बनवतात, खाली धुलाईच्या खोलीत. कृती कागदावर आहे, त्याप्रमाणे पावडर पाण्यात घालून ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायची. नळीतला जीवाणू वाढवायचा तो त्यातच, आणि ताटलीतही तोच. आम्ही सकाळी यायच्या आत बाटल्या तयार असतात."

मी मीडियाची नोंदवही मागवली. दोन वर्षं, रोज एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, 'नेहमीप्रमाणे'. खाली तपासणाऱ्याची सही राजाध्यक्षांची. महिन्याभराच्या सह्या एकाच दिवशी एकाच पेनने केलेल्या दिसत होत्या.

"तेजल, या जुन्या बाटलीत जी-नऊ वाढव आणि हिचीच ताटली लाव. शेजारी नव्या बाटलीची लाव. कोणाला बोलू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मुलगी खरंच हुशार होती. तिने एक शब्द न विचारता हातमोजे चढवले.

४

प्रितम सकपाळ हा फ्रीझर सांभाळणारा तंत्रज्ञ. भेटल्या भेटल्याच त्याच्या कपाळावर घाम होता.

"दुसरीकडे नोकरी बघतोयस," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं, पण नवे बूट आणि भर दुपारी केलेली दाढी माणूस उगाच मिरवत नाही.

"मॅडम, सरांना सांगू नका प्लीज. अंधेरीच्या एका कंपनीत बोलणं चाललंय. त्यांनी एक नळी मागितली होती, खोटं नाही बोलत. मी नाही म्हटलं."

"का?"

"देऊन काय उपयोग? कडं इथेच येतं. गेल्या वर्षी सरांनी दिल्लीला नळी पाठवली, तिथे काही दिसलं नाही. सर म्हणाले, त्यांचे हात बरोबर नाहीत."

मी सरसावून बसले. "हे आधी कोणाच्या बाबतीत झालंय?"

तो जरा घुटमळला. "माझ्या आधीची गोष्ट आहे. क्षमा म्हणून एक होती, इथलीच कोळ्यांची. जी-नऊ मुळात तिनेच पानातून काढला म्हणतात. तिला कडं मिळायचं, सरांनी करून पाहिलं तर मिळेना. सरांनी तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवून हाकललं. पीएच.डी. गेली. मग वर्षभराने सरांनी स्वतःच्या पद्धतीने केलं आणि एकदम जमलं."

"वर्षभराने एकदम?"

"हो ना. मी नुकताच लागलो होतो. खूप पेढे वाटले होते. नवी बाई पण त्याच महिन्यात आली, तिने सगळ्यांना नेऊन दिले."

जाता जाता तो दारात थांबला. "मॅडम, खरं सांगू? सरांना सोमवारी कडं दिसलं नाही तरी चालेल. तेजल रडताना दिसली की झालं."

५

नवे जीवाणू शोधायला लागणारी मारांडीची पानं गोराईहून आठवड्यातून दोनदा आणणारी सगुणा मला खालच्या फाटकाशी सापडली. पन्नाशीची कोळीण, अंबाड्यात अबोली, आणि नजर अशी की समोरचा शिळा बोंबील आहे. होडीने खाडी ओलांडून यायचं, पानं द्यायची, परत जायचं.

"तुमचाही डॉक्टरांवर राग आहे असं ऐकलं," मी म्हणाले.

"हाय ना. माशाचा काटा लागला का आमचे लोक हाच पाला वाटून लावतात. ह्याला मीच दाखवला. बोलला, गोराईचं नाव करीन. पेपरात छापून आलं, त्यात गोराई नाय का मारांडी नाय. नुसता ह्याचाच फोटू." ती थुंकली नाही, पण थुंकावंसं वाटल्याचं लपवलंही नाही.

"म्हणून तुम्ही पानं बदललीत?"

"पानं कनाला बदलू? झाडाने काय केलंय माझं?"

तिच्या पायाशी दोन पिशव्या होत्या. वर तेजलच्या नोंदीत मात्र दर खेपेला एकच पिशवी लिहिलेली असे.

"दुसरी कोणाची?"

"आज परत न्यायचीय," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारधरनं परतच न्यायला लागते."

"आधी कोण घ्यायचं?"

सगुणाने पिशव्या उचलल्या. "बाय, तू शिकलेली हायस. मना इचारू नको. आमच्या गावात एक गोष्ट समद्यांना म्हाईत असते, पन सांगत कोनीच नाय."

मी वर आले, तेव्हा धुलाईच्या खोलीतली बाई माझ्यासाठी चहा घेऊन उभी होती. साधी, सावळी, पाण्याने बोटं सुरकुतलेली. मी चहा घेतला आणि आभार मानले. ती खाली गेली. क्षमाचा पत्ता मात्र मी प्रितमकडून तेव्हाच लिहून घेतला.

६

शुक्रवारी क्षमा वैती मढला सापडली. शूटिंगसाठी भाड्याने जाणाऱ्या एका बंगल्याच्या किल्ल्या ती सांभाळत होती. बाहेर कोणी नटी छत्रीखाली बसून डायलॉग पाठ करत होती, आणि सुवर्णपदक मिळवलेली ही मुलगी जनरेटरवाल्याशी हुज्जत घालत होती.

मी नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोणी पाठवलं? राजाध्यक्षांनी?"

"त्यांनी पाठवलं असतं तर मी आलेच नसते."

तेव्हा कुठे तिने मागच्या खोलीत बसायला सांगितलं. कपाटातून वहीच्या कार्बन प्रती काढल्या. तारखा, सह्या, सगळं जागच्या जागी. एका पानावर तिने बोट ठेवलं.

"जी-नऊ पानातून बाहेर काढला की मुका होतो. घरचं जेवण मिळालं की बोलतो. मीडियात साध्या पाण्याऐवजी मारांडीच्या पानांचा काढा घालायचा. एवढंच. मी हे सरांना लिहून दिलं होतं."

"मग त्यांनी केलं का नाही?"

"म्हणाले, हा कोळणींचा टोटका आहे. पानांचा काढा लागला तर ते गोराईचं औषध झालं, माझं नाही. कंपनीला टाकीत कुठेही बनणारी गोष्ट हवी असते. काढा वगळून करून पाहिलं, जमलं नाही. मग मी खोटारडी." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "सगळ्या स्टाफला बोलावून म्हणाले, ही मुलगी ताटलीत बाजारातलं औषध टाकते. मला एका शब्दाने बोलू दिलं नाही. चार मैत्रिणी होत्या, चौघी खाली बघत होत्या."

"आता कडं जमतं त्यांना, दोन वर्षं."

"काढ्याशिवाय जमणं शक्य नाही." तिने वही मिटली. "मला त्यांच्याकडून काही नको. नाही, खोटं बोलले. त्यांनी एकदा त्याच लोकांसमोर म्हणावं, क्षमाचं बरोबर होतं. तेवढं ऐकायला मी नरकातूनही उठून येईन."

निघताना माझी नजर भिंतीकडे गेली. होडीसमोर उभं कुटुंब, बाप, लहानगी क्षमा आणि आई. आईचं वय तेव्हा तिशीचं असेल.

"आई काय करते आता?"

"बोरिवलीत कुठल्याशा कारखान्यात भांडी धुते. बाबा गेल्यावर घरात बसवेना म्हणाली."

 फोटोतल्या त्या बाईच्या हातून मी आदल्याच दिवशी चहा घेतला होता.

७

शनिवारी दुपारी तेजलने दोन ताटल्या माझ्यासमोर ठेवल्या. नव्या बाटलीच्या ताटलीत काहीच नव्हतं. जुन्या, चहाच्या रंगाच्या बाटलीच्या ताटलीत मधोमध रेखीव, स्वच्छ कडं होतं.

"म्हणजे चोरी झालीच नाही," ती पुटपुटली. "कोणी काही नेलं नाही."

"उलट, कोणीतरी काहीतरी द्यायचं थांबवलं."

मी एकटीच खाली गेले. धुलाईच्या खोलीत वाफ भरली होती. चंपाबाई, म्हणजे क्षमाची आई, काचेच्या बाटल्या उपड्या घालत होती. मी दार लावून घेतलं.

"क्षमा बरी आहे," मी म्हणाले. "काल भेटले तिला."

तिचे हात थांबले. पण दचकली नाही. "तिला सांगितलं?"

"नाही."

"सांगू नको. ती शिकवायची मला, पानं किती, पानी किती. रात्री जेवताना बोलत राहायची. मना सातवीपुरतं कळायचं, पन हे कळलं." तिने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "ठेकेदाराच्या कागदावर माझं आडनाव हाय. तो कागद वर कोनी मागवला नाय."

"दोन वर्षं काढा घातलात. त्याचं नाव झालं, फोटो छापून आले. का?"

"चढू दिला. खालच्या पायरीवरनं पडला तर लागत नाय. त्याने शपथेवर लिहून देऊ दे, झाडाचं काय लागत नाय. कंपनीला बोलावू दे. मग हात काढून घेतला." ती हसली. ते हसू बघून मला खरोखर भीती वाटली. "मी काय चोरलं? पावडर घाला, पानी घाला, कागदावर तेच लिवलंय. गेल्या हप्त्यापासून मी कागदाप्रमाने करते. मना कोन पकडेल?"

कोणीच नाही. बत्तीस वर्षांत इतका स्वच्छ गुन्हा मी पाहिला नव्हता, कारण तो गुन्हाच नव्हता. टाळी वाजवावीशी वाटली. पण वर ती पोरगी बसली होती.

"तेजलला पकडतील," मी म्हणाले.

"पकडू दे. माझ्या पोरीला हाकलली तवा कोन बोललं?"

"तेव्हा तेजल सोलापूरला कॉलेजात होती. तिने कोणाचं काय केलं? सोमवारी तिची पीएच.डी. जाणार, आणि तिची आई कुठल्या तरी दुसऱ्याच्या मोरीत भांडी धुवायला लागणार. तुम्ही जो जाळ लावलाय तो त्याच्या अंगाला लागायच्या आधी तिला लागतोय, चंपाबाई."

तिने एक बाटली उचलली, पुसली, ठेवली. परत तीच उचलली आणि पुसली.

"ती पोरगी मना मावशी बोलते," ती म्हणाली. "चार दिवस झोप नाय मना." मग मान वर केली. "सांग तू. पन माझी एक अट हाय. त्याने तोंडाने बोलायचं. कागद नको. समद्यांच्या समोर, माझ्या पोरीला."

"बोलेल," मी म्हणाले. "त्याच्यासाठी दुसरा रस्ताच मी ठेवणार नाही."

त्या संध्याकाळी मी राजाध्यक्षांना फोन केला. चोर सापडला, सोमवारी पाहुण्यांसमोर सांगते, अट एकच, अख्खा स्टाफ हजर हवा, अगदी धुलाईपर्यंत. ते इतके खूष झाले की मला पहिल्यांदाच 'विनिताताई' म्हणाले.

८

सोमवारी अकरा वाजता सभागृहात कंपनीचे तीन पाहुणे, जयाबेन आणि केंद्रातली सगळी माणसं बसली होती. पाहुण्यांच्या प्रमुख एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. मी म्हटलं, मी मराठीतच बोलणार, जयाबेन भाषांतर करतील. तेजल पहिल्या रांगेत ताठ बसली होती. राजाध्यक्षांनी तिच्यासाठी मुद्दाम तिथे खुर्ची मांडायला लावली होती.

"ताटलीत तीन गोष्टी असतात," मी सुरुवात केली. "मारणारा, मरणारा आणि जेवण. मरणारा बदलला नाही, कारण जुनं औषध त्याला पूर्वीइतकंच मारतंय. मारणारा बदलला नाही, कारण डॉक्टरांनी स्वतः सील केलेल्या नळीतलाही असाच मुका झालाय, आणि ते सील शाबूत होतं. त्या नळीला तेजल काय, ब्रह्मदेवही हात लावू शकत नव्हता. मग उरलं काय? जेवण. त्याच्याकडे इथे कोणी पाहिलंच नाही. दोन वर्षं 'नेहमीप्रमाणे' लिहिलं गेलं आणि डॉक्टरांनी महिन्याच्या सह्या एका दिवसात केल्या."

मी दोन्ही ताटल्या प्रोजेक्टरखाली ठेवल्या. पडद्यावर एक कोरी दिसली आणि एक कड्याची.

"दोन्हींत एकच नळी, एकच जंतू. कड्याच्या ताटलीतल्या जेवणात मारांडीचा काढा आहे. दिल्लीला कडं आलं नाही, कारण तिथे तो नव्हता."

पिकल्या केसांच्या बाईंनी राजाध्यक्षांकडे वळून विचारलं, हा काढा तुमच्या पेटंटच्या अर्जात आहे का?

"नाही," ते म्हणाले. "तो… ती अलीकडची सुधारणा आहे. माझ्या मनात होतीच."

"त्या अर्जात शपथेवर लिहिलंय की झाडाचा कुठलाही भाग लागत नाही," मी म्हणाले आणि क्षमाकडून आणलेलं तिच्या वहीचं पान पडद्यावर टाकलं. तारीख तीन वर्षांपूर्वीची, खाली तिची सही, आणि शेजारी 'पाहिले' अशी राजाध्यक्षांची. "डॉक्टर, तुमच्यापुढे दोनच गोष्टी आहेत. हे पान तुम्ही वाचलं नव्हतंत असं म्हणा, म्हणजे न वाचता एका मुलीचं आयुष्य मोडलंत. किंवा वाचलं होतंत म्हणा."

 जयाबेनने शेवटचं वाक्य सावकाश, दोनदा भाषांतरित केलं. मला वाटतं दुसऱ्यांदा तिने ते स्वतःच्या सुखासाठी केलं.

"मंगळवारीच तुम्हाला काढा आठवायला हवा होता," मी पुढे म्हणाले. "आठवलाही असेल. पण तो मान्य केला तर क्षमा खरी ठरत होती. त्यापेक्षा तेजलला चोर ठरवणं सोपं वाटलं."

ते उभे राहिले, चष्मा काढला, परत घातला. पाहुण्या बाई पेन घेऊन थांबल्या होत्या. त्यांना खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"तेजलचा यात काही दोष नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि क्षमाचं बरोबर होतं."

"तिलाच सांगा," मी म्हणाले. फोन लावून ठेवलेलाच होता. मी स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. खोटं कशाला बोलू, माझ्या तिशीतले ते साहेब मला त्या क्षणी त्यांच्या जागी दिसत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

"क्षमा, मी राजाध्यक्ष." ते फोनकडे वाकले. "तुझं… बरोबर होतं. मी वाचलं होतं. चूक माझी होती."

 पलीकडून तिचा तोच सपाट आवाज आला. "कोणासमोर बोलताय, सर? तेव्हा तुम्ही सगळ्यांना बोलावलं होतंत. आता कोण कोण आहे ते सांगा. प्रत्येकाचं नाव घ्या."

त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांची तिन्ही, मग जयाबेन, तेजल, प्रितम, हिशेबनीस, ग्रंथपाल, दोन्ही सहायक. एकेक नाव त्यांच्या तोंडून दाढ उपटल्यासारखं निघत होतं. शेवटच्या रांगेपाशी ते अडखळले.

"आणि… धुलाईच्या बाई."

"नाव, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही. तेजलकडे पाहिलं, तीही गप्प राहिली. शेवटी दोन वर्षं जिच्या हातचं जेवण खाऊन त्यांचा जी-नऊ जगला, तिला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तुमचं नाव काय?"

ती उभी राहिली. ओले हात तिने पदराला पुसले.

"चंपा धर्मा वैती."

राजाध्यक्ष खुर्चीत बसले. फोनमधून मढचा वारा ऐकू येत होता.

"आई?" क्षमा म्हणाली. आता तो आवाज सपाट नव्हता. "आई, तू तिथे काय करतेस?"

"काय नाय गं," चंपाबाई म्हणाली. "काम होतं, ते झालं. जेवायला येते घरी."